पीआर कार्ड २०३१ पर्यंत चालू, मग अडचण कुठे? कॅनडाच्या ७३० दिवसांचं गणित समजून घ्या

२०२१ हे वर्ष कॅनडाला गेलेल्या आपल्या मंडळींना चांगलं आठवत असेल. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला एक्सप्रेस एंट्रीचा एक ड्रॉ निघाला आणि एका फटक्यात २७,३३२ जणांना पीआरसाठी बोलावणं गेलं. कट-ऑफ होता फक्त ७५ गुण! एरवी साडेचारशेच्या वर गुण असूनही लोक वाट बघत बसतात, त्यामुळे तेव्हा सगळ्यांना ही चूक वाटली होती. चूक नव्हती. कोविडमुळे बाहेरून लोक येऊ शकत नव्हते, म्हणून सरकारने देशातच असलेल्या कामगारांना आणि शिकून नोकरीला लागलेल्यांना पीआर देऊन आकडा गाठायचं ठरवलं. वर्षअखेर ४ लाखांहून जास्त लोक कॅनडाचे पर्मनंट रेसिडेंट झाले आणि त्यात भारतीय सगळ्यात जास्त होते.

पीआर कार्ड साधारण ५ वर्षांचं असतं. म्हणजे २०२१ च्या त्या मोठ्या बॅचची कार्डं २०२६ मध्ये संपतात. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच प्रश्न फिरतोय: "कार्ड रिन्यू कसं करायचं?"

फॉर्म भरणं तसं अवघड नाही. त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: तुमचे दिवस भरलेत का? आणि कार्ड रिन्यू झालं म्हणजे तुम्ही पुढच्या ५ वर्षांसाठी सुटलात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे आणि गोंधळ तिथेच होतो.

कार्ड वेगळं, स्टेटस वेगळं

तुमचं सिम कार्ड तुटलं तर नंबर जातो का? नाही. दुकानात जाऊन नवं सिम घेतलं की तोच नंबर परत सुरू. उलट, सिम खिशात अगदी ठणठणीत आहे, पण कंपनीने नंबर बंद केला, तर ते सिम काय कामाचं?

पीआरचंही तसंच आहे. कार्ड हा फक्त पुरावा. तुमचं पीआर स्टेटस सरकारच्या रेकॉर्डमध्ये असतं. कार्डावरची तारीख उलटली म्हणून स्टेटस जात नाही. कॅनडात बसून संपलेल्या कार्डावर तुम्ही नोकरी करू शकता, घर भाड्याने घेऊ शकता, पीआर म्हणून मिळालेला सोशल इन्शुरन्स नंबरही चालूच राहतो. अडचण होते ती देशाबाहेर गेलात की, कारण परत येताना विमान कंपनी वैध कार्ड मागते.

स्टेटस जायचे मुख्य मार्ग ठरलेले आहेत. तुम्ही नागरिक झालात, तुम्ही स्वतः अर्ज करून पीआर सोडला, तुमच्याविरुद्ध देश सोडण्याचा आदेश अंतिमतः लागू झाला, किंवा तुम्ही बाहेर असताना अधिकाऱ्याने "रेसिडेन्सीची अट पाळलेली नाही" असा निर्णय दिला आणि तो अपिलानंतरही टिकला. "कार्ड एक्सपायर झालं" हे या यादीत कुठेच नाही.

७३० दिवस मोजायचे कुठून कुठे?

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २८ सांगतं की, ५ वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षं, कॅनडात असायला हवं. सलग असायची गरज नाही. दिवसाचा काही भाग देशात असलात तरी तो दिवस पूर्ण धरतात. म्हणजे निघायचा दिवस आणि परत यायचा दिवस, दोन्ही तुमच्या खात्यात.

पण ही ५ वर्षं नेमकी कोणती? बहुतेकांना वाटतं, "कार्डावर छापलेली." तसं नाही. ज्या दिवशी अधिकारी तुमची तपासणी करतो, त्या दिवसापासून मागची ५ वर्षं. ही तपासणी रिन्यूअलच्या अर्जावर होऊ शकते, विमानतळाच्या काउंटरवर होऊ शकते, बाहेरून प्रवासाचं कागदपत्र मागितलं तेव्हाही होऊ शकते. पीआर मिळून ५ वर्षं झालीच नसतील, तर उरलेल्या काळात ७३० भरणं अजून शक्य आहे का, एवढंच बघतात. पीआर मिळण्याआधी स्टुडंट किंवा वर्क परमिटवर काढलेले दिवस इथे अजिबात धरत नाहीत.

आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत याला स्लायडिंग विंडो म्हणतात. सोप्या भाषेत, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आठवा. मशीनमध्ये ठरावीक दिवसांचीच जागा असते. आजचं रेकॉर्ड झालं की मागच्या टोकाचा एक दिवस पुसला जातो. तुमच्या ७३० दिवसांचंही तेच. आज एक दिवस वाढतो आणि बरोबर ५ वर्षांपूर्वीचा एक दिवस गळतो. गळालेला दिवस कॅनडातला होता की भारतातला, यावर तुमची बेरीज ठरते.

एक उदाहरण करून बघू

समजा, नाशिकची एक मुलगी. टोरंटोत शिकली, नोकरीला लागली, १५ जून २०२१ ला पीआर झाली. १४ जून २०२२ ला आईच्या आजारपणामुळे भारतात आली. येणं लांबत गेलं आणि ती १ मे २०२५ ला परत गेली. तेव्हापासून टोरंटोतच आहे.

१ जून २०२६ ला ती रिन्यूअलचा अर्ज करते. हिशेब असा:

- पहिला मुक्काम, १५ जून २०२१ ते १४ जून २०२२: ३६५ दिवस
- दुसरा मुक्काम, १ मे २०२५ ते १ जून २०२६: ३९७ दिवस
- एकूण: ७६२ दिवस

७३० च्या वर ३२ दिवस. अर्ज ठीक. समजा ऑगस्टमध्ये नवं कार्ड हातात आलं, त्यावर तारीख २०३१ ची. घरी पेढे वाटले.

आता पुढचं बघा. १५ जून २०२६ ला तिला पीआर होऊन ५ वर्षं झाली. त्या दिवशी तिची बेरीज ७७५ आहे. इथून पुढे रोज मागचा एक दिवस गळणार आणि हे गळणारे दिवस तिच्या पहिल्या मुक्कामातले, म्हणजे कॅनडातलेच आहेत. ती कॅनडात राहिली तर एक आला, एक गेला, बेरीज ७७५ वरच थांबते. पण कॅनडाबाहेर गेली, तर येणारा दिवस नाही आणि जाणारा मात्र जातोच.

घरचा गणपती करायचा म्हणून १ सप्टेंबरला ती निघते. गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं करून १५ नोव्हेंबरला परत. नवं कार्ड आहे, काळजी कसली?

२ सप्टेंबरपासून रोज एक दिवस कमी होतोय. ७७५ वरून ७३० वर यायला ४५ दिवस लागतात. १६ ऑक्टोबरपर्यंत ती नियमात, १७ ऑक्टोबरला ७२९. दिवाळी यायच्या आधीच अट मोडली. १५ नोव्हेंबरला टोरंटोत उतरेल तेव्हा बेरीज ७०१, म्हणजे २९ दिवस कमी. आणि पर्समध्ये २०३१ पर्यंतचं कार्ड!

मुंबईला विमानात बसताना कोणी अडवणार नाही, कारण कार्ड वैध आहे. उतरल्यावर अधिकारी चौकशी करेलच असंही नाही. पण केली तर तो तिच्याविरुद्ध रिपोर्ट लिहू शकतो. आणि समजा रिपोर्ट न होता ती आत गेली, तरी बेरीज लगेच सुधारत नाही. जून २०२७ च्या मध्यापर्यंत पहिल्या मुक्कामाचे दिवस गळतच राहणार, त्यामुळे आकडा ७०१ वरच अडकतो. त्यानंतर भारतातले दिवस गळू लागतात, तेव्हा बेरीज वाढते आणि जुलैच्या मध्यावर ती परत ७३० ला पोचते. तोपर्यंत आठ महिने तिने देश सोडायचं धाडस करू नये.

म्हणून लक्षात ठेवा: कार्डावरची तारीख कार्डाची आहे, तुमची नाही.

पुण्यात बसून कॅनडाच्या कंपनीचं काम केलं तर?

आयटीवाल्यांचा हा सगळ्यात आवडता प्रश्न. कायद्यात बाहेरचे काही दिवस धरायची सोय आहे:

- कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत बाहेर राहत असाल, किंवा मूल नागरिक असलेल्या आई-वडिलांसोबत असेल, तर.
- कॅनडियन कंपनीने किंवा तिथल्या सरकारी सेवेने तुम्हाला पूर्णवेळ कामासाठी बाहेर पाठवलं असेल, तर.
- तुमचा जोडीदार पीआर असेल, त्याला असं बाहेर पाठवलं असेल आणि तुम्ही सोबत असाल, तर.

दुसऱ्या मुद्द्यातला "पाठवलं" हा शब्द अधोरेखित करा. नियमाप्रमाणे कंपनीने तुमची बाहेरच्या जागेवर, सहयोगी कंपनीत किंवा ग्राहकाकडे नेमणूक केलेली असावी लागते. २०११ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने एका निकालात स्पष्ट केलं की, नेमणूक म्हणजे कॅनडातल्या कंपनीशी नातं टिकवून ठराविक काळासाठी बाहेर जाणं आणि मग परत येणं. पगार कॅनडियन कंपनीकडून येतो, एवढ्यावर भागत नाही. "मॅनेजरने घरून काम करायला परवानगी दिली, म्हणून मी कोथरूडहून लॉगिन करतो," हे अधिकाऱ्याला नेमणूक म्हणून पटवणं अवघड आहे. कंपनीच्या भारतातल्या ऑफिसने तुम्हाला इथेच नोकरीला घेतलं असेल तर त्याहून अवघड. आणि फक्त दिवस भरण्यासाठी कॅनडात कागदावर कंपनी काढायची आयडिया कोणी दिली, तर नियमांत तीही आधीच बाद केलेली आहे.

त्यांना कसं कळतं?

पूर्वी कॅनडात कोण आलं याची नोंद व्हायची, कोण गेलं याची नीट होत नसे. आता तसं नाही. अमेरिकेच्या जमिनीवरच्या सीमेवरून बाहेर जाणाऱ्या सगळ्यांची नोंद २०१९ पासून होते, कारण तुम्ही अमेरिकेत शिरलात की ती माहिती कॅनडाला कळते. विमानाने जाणाऱ्यांची नोंद २०२० पासून विमान कंपन्यांच्या प्रवासी यादीतून सीमा खात्याकडे, म्हणजे सीबीएसएकडे जाते. इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, ती बघू शकतं.

म्हणजे त्यांच्याकडे तुमचा डेटा आहे. तुमच्याकडे आहे का? बऱ्याचदा नसतो. कॅनडाच्या विमानतळावर मशीनवर पासपोर्ट टेकवून आत जाता, शिक्का बसेलच असं नाही. गूगल मॅप्सच्या टाइमलाइनवर विसंबून असाल तर सांभाळा. तो डेटा आता गूगलच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनमध्ये राहतो. बॅकअप न घेता फोन बदलला की गेला. तुमचीच प्रवासाची नोंद सीबीएसएकडून माहितीच्या हक्काखाली अर्ज करून मागवता येते. रिन्यूअलचा फॉर्म भरण्याआधी ती हातात असेल तर तारखा जुळवायला सोपं जातं.

रिन्यूअल: कधी, कसं

कार्ड संपायला ९ महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील, किंवा संपलं असेल, तर अर्ज करता येतो. पीआर पोर्टलवर ऑनलाइन होतो, फी ५० कॅनेडियन डॉलर. फॉर्ममध्ये मागच्या ५ वर्षांचे पत्ते, नोकरी किंवा शिक्षण, आणि देशाबाहेर घालवलेला प्रत्येक काळ तारखांसकट लिहायचा. पासपोर्टच्या प्रती आणि फोटो अपलोड करायचे. पासपोर्ट मधेच बदलला असेल तर जुनाही लागतो. तो जपून ठेवा, आईच्या कपाटात कुठेतरी असेल.

कार्ड फक्त कॅनडातच दिलं जातं, भारतातल्या पत्त्यावर पाठवत नाहीत. म्हणून अर्ज करायचा तो कॅनडात असताना, आणि कार्ड हातात येईपर्यंत शक्यतो बाहेर पडायचं नाही. घरी कोणी गंभीर आजारी आहे, कोणी गेलं, किंवा नोकरीसाठी लगेच प्रवास आहे, तर तातडीने प्रक्रिया करा अशी विनंती पुराव्यासह करता येते. मित्राचं लग्न आणि गोवा ट्रिप यात बसत नाही.

भारतात असताना कार्ड संपलं तर?

यासाठी परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट असतं. त्याचीही फी ५० डॉलर, आणि तो अर्ज बाहेरून करायचा. मात्र हा अर्ज केला की तुमचे दिवस मोजले जातात. दिवस कमी आणि कारण पटलं नाही, तर अर्ज नाकारला जातो आणि इथूनच स्टेटस जाण्याची प्रक्रिया सुरू होते. त्यावर ६० दिवसांत अपील करता येतं आणि निकाल लागेपर्यंत तुम्ही पीआरच असता.

दुसरा रस्ता लोक सांगतात तो अमेरिकेतून खासगी गाडीने सीमेवर जायचा. पीआरला कॅनडात प्रवेशाचा हक्क कायद्यानेच आहे, त्यामुळे ओळख आणि स्टेटस पटवलं की संपलेल्या कार्डावरही आत घेतात. पण भारतीय पासपोर्टवर त्यासाठी आधी अमेरिकेचा व्हिसा हवा. आणि दिवस कमी असतील तर सीमेवरचा अधिकारीही रिपोर्ट लिहू शकतो.

दिवस कमी पडलेत, आता?

घाबरून चुकीचं पाऊल टाकू नका. कॅनडात असाल आणि कोणी रिपोर्ट लिहिलेला नसेल, तर सगळ्यात साधा उपाय म्हणजे देशातच थांबा, दिवस भरू द्या, मग अर्ज करा. कार्ड संपलं तरी चालेल.

थांबणं शक्यच नसेल तर कायद्यात मानवतेच्या कारणांचा विचार करायची तरतूद आहे. किती दिवस कमी आहेत, का कमी पडले, कारण संपल्यावर तुम्ही लगेच परतलात का, कॅनडात तुमचं घर-नोकरी-नाती काय आहेत, मुलांवर काय परिणाम होईल, हे सगळं बघतात. आईची शुश्रूषा हे खरं कारण आहे, पण नुसतं सांगून उपयोग नाही. हॉस्पिटलची कागदपत्रं, तारखा, घरात दुसरं कोणी का नव्हतं याचं उत्तर, हे सगळं द्यावं लागतं. कॅनडातच देश सोडण्याचा आदेश निघाला तर अपिलाला ३० दिवस मिळतात. या टप्प्यावर परवानाधारक वकील गाठा, फेसबुक ग्रुप नको.

आणि "पत्ता आमचा दाखवा, दिवस आम्ही जुळवतो" असं सांगणारा एजंट भेटला तर तिथून उठा. २०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका कन्सल्टंटला ७ वर्षांची शिक्षा झाली होती. तो ग्राहकांच्या पासपोर्टवर बनावट शिक्के मारून ते कॅनडात असल्याचं दाखवत होता. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पीआर तर जातोच, वर ५ वर्षं प्रवेशबंदी. जे दिवस कमी होते, त्याला निदान कारण तरी सांगता आलं असतं.

मग नागरिकत्वच का घेत नाहीत?

घेणारे घेतात. त्यासाठी अर्जाआधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस लागतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचा पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड मिळतं, पण मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे शेती असलेल्या घरातल्या मुलांसाठी हा फॉर्मपुरता प्रश्न नसतो. म्हणून कितीतरी जण वर्षानुवर्षं पीआरच राहतात, आणि त्यांच्यासाठी हा ७३० दिवसांचा हिशेब कधीच संपत नाही.

शिवाय गेलेला पीआर परत मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही. २०२४ साठी कॅनडाचं लक्ष्य ४,८५,००० नव्या पीआरचं होतं. २०२५ साठी ते ३,९५,००० झालं आणि २०२६ साठी ३,८०,०००. ७५ गुणांवर बोलावणं येण्याचे दिवस परत येतील या भरवशावर कोणी राहू नये.

एक खुलासा: हे नियम फक्त कॅनडाचे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डला असा ठरलेला आकडा नाही. तिथे तुमचं खरं घर अमेरिकेत आहे का, हे बघतात आणि एक वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर फक्त कार्डावर परत येता येत नाही. ब्रिटनने तर प्लॅस्टिकचं कार्डच बंद करून ई-व्हिसा आणलाय, पण सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात तर साधारणपणे तिथला कायम राहण्याचा हक्कही जातो. त्यामुळे मामेभावाचा अमेरिकेतला सल्ला टोरंटोत वापरू नका.

आज रात्री करायचं काम

१. गूगल शीट उघडा. तीन रकाने: कॅनडातून निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, बाहेरचे दिवस. परतीच्या तारखेतून निघाल्याची तारीख वजा करा, त्यातून आणखी १ वजा करा. दोन्ही टोकांचे दिवस कॅनडाचे.

२. जीमेलमध्ये विमान कंपनीचं नाव टाकून मागच्या ५ वर्षांची तिकिटं शोधा, तारखा भरा. बोर्डिंग पास आणि पासपोर्टच्या पानांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.

३. ५ वर्षांचे साधारण १,८२६ दिवस. त्यातून बाहेरचे दिवस वजा करा. उत्तर ७३० च्या किती वर आहे ते बघा.

४. पुढचं तिकीट काढण्याआधी हाच हिशेब परतीच्या तारखेला धरून करा. त्या दिवसापासून मागे ५ वर्षं मोजा. आज ७७५ आहेत म्हणून त्या दिवशी ७७५ असतीलच असं नाही.

कार्डाची एक्सपायरी डेट कॅलेंडरमध्ये टाकलीच असेल. तिच्या शेजारी तुमच्या ७३० ची तारीखही टाका. दोन्हींपैकी जी आधी येते, ती तुमची खरी मुदत.